शरीर, श्वास आणि बुद्धी : बारा नमस्कारांचा अभ्यास



गणपती ही बुद्धीची देवता. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणेशाने ते लिहून घ्यावे, ही कथा आपण मुलांना दरवर्षी सांगतो. गणेशाची अट अशी की सांगणाऱ्याने मध्ये थांबायचे नाही. व्यासांची उलट अट अशी की अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. या कथेत कान ऐकताहेत, बुद्धी अर्थ लावते आहे आणि हात चालतो आहे. तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच लयीत! बुद्धी म्हणजे नुसते डोक्यातले काम नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी किती सोप्या रीतीने सांगून ठेवले आहे.

आज आपल्या घराघरांत दोन काळज्या ऐकू येतात. एक म्हणजे वयस्कर आईवडिलांची : "हल्ली नावे आठवत नाहीत, जिना उतरताना भीती वाटते." दुसरी मुलांची : "एका जागी बसून दहा मिनिटेसुद्धा लक्ष लागत नाही." मधल्या पिढीची तिसरी काळजी बोलून दाखवायला कोणाला वेळ नसतो, ती म्हणजे पाठदुखी, झोप न लागणे आणि सतत घाई. या तिन्हींवर उपाय म्हणून फोनवर मेंदूचे खेळ विकले जातात, बाटलीतल्या गोळ्या विकल्या जातात. म्हणून प्रश्न पडतो : शरीर आणि बुद्धी दोन्ही तल्लख राहावीत यासाठी खरोखर काय करावे? त्यातले आपल्याकडे आधीपासून काय आहे, आणि आजच्या शास्त्राने काय तपासून पाहिले आहे?

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. माझे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यात झाले, तेव्हा सूर्यनमस्कार हा माझ्या लेखी शाळेच्या मैदानावरचा नित्यक्रम होता. वॉटफर्डमध्ये स्थायिक झाल्यावर वाचन वाढले, आणि त्या नित्यक्रमामागचा इतिहास व शास्त्र हळूहळू उलगडत गेले. तेच आपल्यापुढे थोडक्यात मांडते.

औंधहून लंडनला

सातारा जिल्ह्यातील औंध हे एक छोटे संस्थान होते. यमाईचे देऊळ आणि भवानी संग्रहालय यांमुळे ते अनेकांनी पाहिले असेल. तेथील राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार, कलासंग्राहक आणि व्यायामाचे निस्सीम भक्त होते. सूर्यनमस्कार त्यांनी स्वतः नेमाने घातले, घरातल्या स्त्रियांना आणि मुलांना शिकवले, संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. व्यायाम हा फक्त तालमीतल्या पुरुषांचा विषय नाही, राणीपासून शाळकरी मुलीपर्यंत सर्वांचा आहे, हा त्यांचा आग्रह त्या काळात फार मोठा होता.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. १९३८ साली लंडनमधील जे. एम. डेंट या प्रकाशन संस्थेने पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कारावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे संपादन लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी केले होते. पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'आरोग्याचा दहा स्थितींचा मार्ग', कारण औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती मोजल्या जात. आज बहुतेक ठिकाणी बारा मोजतात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे या देशात येण्याच्या कितीतरी आधी सूर्यनमस्कार येथे पोहोचला होता! पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे पुढे भारताचे लंडनमधील उच्चायुक्त झाले आणि १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

पंतप्रतिनिधींच्या पद्धतीत एक गोष्ट विशेष होती. नमस्कार नुसता हातापायांनी घालायचा नाही. प्रत्येक नमस्काराच्या आधी बीजमंत्र आणि सूर्याचे एक नाव मोठ्याने उच्चारायचे. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर ही ती बारा नावे. हालचाल, श्वास, उच्चार आणि स्मरण ही चारही अंगे त्यात एकत्र आली. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

औंधच्या राजांनी प्रसार केला, तर तपासणीचे काम स्वामी कुवलयानंदांनी केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६). बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योग. श्रद्धा होती, पण "गुरूंनी सांगितले म्हणून" एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान अशा क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय होते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, आतला दाब यंत्राने मोजला. शंभर वर्षांपूर्वी हे काम महाराष्ट्रात चालू होते याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

त्यांचा एक निष्कर्ष आजही अनेकांना माहीत नसतो. "प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो," असे आपण सर्रास म्हणतो. कुवलयानंदांनी हे मोजून पाहिले आणि प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूत नाही, असे स्पष्ट लिहिले. त्यांच्या मते त्याचे मुख्य मोल मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिस्तीत आहे. आज ज्याला मेंदूचे शिक्षण म्हणतात, तोच विचार त्यांनी आपल्या शब्दांत आधी मांडून ठेवला होता.

श्वास : मनाची दोरी

हृदयाचे ठोके, पचन, घाम या गोष्टी आपल्या इच्छेने चालत नाहीत. हात उचलणे, बोलणे या गोष्टी इच्छेने चालतात. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. लक्ष नसले तरी तो चालतो, आणि लक्ष दिले तर आपले ऐकतो. म्हणून एरवी न ऐकणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याची ती एक दोरीच आपल्या हाती आहे.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. बोटे मनगटावर ठेवून शांत बसल्यास अनेकांना हे स्वतःलाच जाणवते. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे हे काम. म्हणून पूरकापेक्षा रेचक थोडा लांब ठेवला की शरीराला "आता धोका नाही" असा निरोप मिळतो.

विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचा श्वास साधारणपणे मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, तर कधी 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागली. रक्तदाबाची स्वतःचीही सुमारे दहा सेकंदांची एक लाट असते. सहाच्या गतीने श्वास घेतला की दोन्ही लाटा जुळतात, असा त्यामागचा विचार आहे.

यात कोणता धर्म श्रेष्ठ हा प्रश्नच नाही. एका दमात म्हणायच्या ओळीची लांबी जगभरच्या उपासकांनी जवळजवळ एकच ठेवली, हे नवल आहे. आपल्या आजीने माळ ओढत केलेला जप हा तिच्या मनाला तर शांत करतच होता, तिच्या हृदयालाही विसावा देत होता.

मेंदू बदलतो, पण कशाने?

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेतील सुमारे वीस टक्के ऊर्जा त्याला लागते. एकदा मोठे झालो की मेंदू आहे तसाच राहतो, अशी समजूत फार काळ होती. ती मोडण्यात लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा वाटा आहे!

काळी टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असेल तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्याला तीनचार वर्षे सहज लागतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्राध्यापक एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा होता. २०११ साली त्यांनी शिकाऊ चालकांचाही पाठपुरावा करून पाहिला. जे अभ्यास पुरा करून पास झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली. म्हणजे मोठा मेंदू होता म्हणून ते टॅक्सीवाले झाले असे नव्हे, तर कष्टाने मेंदू घडला.

मग फोनवरचे खेळ खेळून बुद्धी वाढेल का? हे तपासण्यासाठी बीबीसी आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक मोठा प्रयोग केला, तो २०१० साली 'नेचर'मध्ये आला. ११,४३० माणसांनी सहा आठवडे संगणकावर असे खेळ खेळले. प्रत्येक जण ज्या खेळाचा सराव केला त्यात तरबेज झाला. पण इतर कसोट्यांमध्ये विशेष फरक पडला नाही. काही विशिष्ट सरावांचे लाभ इतर अभ्यासांत दिसले आहेत, त्यामुळे खेळ टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. पण नियम साधा आहे : ज्याचा सराव कराल ते येईल. रोजचे जगणे सुधारायचे असेल तर सराव रोजच्या जगण्यासारखा, म्हणजे पाय, डोळे, कान आणि स्मरण एकत्र वापरणारा हवा.

चालण्याचेच पाहा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत भरभर चालला, दुसऱ्याने फक्त हलके ताणाचे व्यायाम केले. वर्षाअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, तर दुसऱ्या गटाचा साधारण १.४ टक्के घटला होता. यातून आपण योगप्रेमींनीही एक धडा घ्यायचा : आसने उत्तम, पण नाडी थोडी जलद होईल असे चालणे किंवा वेगात घातलेले नमस्कारही हवेतच.

तोल जाण्याची भीती

आता घरचीच गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, वय ८१, रात्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडल्या. हाड वाचले. पण खरी दुखापत नंतर दिसली : भीती! त्यांनी वरच्या मजल्यावर जाणे सोडले, मग बागेत जाणे सोडले, मग देवळात येणेही. "मला नका नेऊ, तुम्हालाच त्रास," असे म्हणू लागल्या. दिवसभर खुर्चीत बसल्याने पाय आणखी अशक्त झाले, आणि पाय अशक्त झाल्याने भीती वाढली. हे दुष्टचक्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. या देशात घरी राहणाऱ्या ६५ वर्षांवरील तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असे आरोग्य सेवेचेच सांगणे आहे.

तोल तीन गोष्टींवर उभा असतो : डोळे, आतील कान, आणि तळपाय व सांध्यांकडून येणारी जाणीव. या तिन्हींचे निरोप जुळवण्याचे मोठे काम डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू करतो. आकाराने तो मेंदूचा दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी बहुसंख्य पेशी त्याच्यातच असतात. तोल सांभाळण्याचा सराव हा असा मेंदूचाच सराव आहे, नुसता पायांचा नव्हे.

ब्राझीलमधील एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. पाचांमागे एकाला ते जमले नाही. आणि पुढच्या वर्षांत त्या गटात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. तो शरीराच्या एकूण स्थितीचा आरसा आहे, एवढेच समजावे.

सासूबाईंना फिजिओथेरपिस्टने स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभे राहायला शिकवले. आधी दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटे. मला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची (१९१८–२०१४) आठवण झाली. ते १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. १९५४ साली व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्यामुळे त्यांचे युरोपात शिकवणे सुरू झाले, आणि १९६६ साली त्यांचा योगावरचा मोठा ग्रंथ लंडनमध्येच प्रथम प्रसिद्ध झाला. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंत यांचा आधार घेऊन आजारी आणि वृद्ध माणसालाही आसन करता येते, हे त्यांनी जगाला दाखवले. आधार घेणे कमीपणाचे नाही. भिंतीला धरून केलेले वृक्षासन हेही वृक्षासनच!

सासूबाई ओटा धरून सूर्याची बारा नावे म्हणू लागल्या. सहा नावे उजव्या पायावर, सहा डाव्या पायावर. सुरुवातीला एका नावातच पाय टेकायचा. साताठ महिन्यांनी त्या माझा हात धरून देवळाच्या पायऱ्या चढल्या. काठी अजून आहे, भीतीही पूर्ण गेलेली नाही. पण "मला नका नेऊ" हे वाक्य गेले, आणि आमच्या घराला तेवढे पुष्कळ आहे.

एका वेळी दोन कामे

१९९७ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात वृद्धांबरोबर चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. काही जण बोलण्यासाठी चालता चालता थांबले. अशा थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढील सहा महिन्यांत कधीतरी पडले. कारण उघड आहे : ज्याला चालण्यासाठीच सारे लक्ष लागते, त्याच्याकडे बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. रस्त्यात मात्र गाडी येते, कोणी हाक मारते, पिशवी सांभाळायची असते. म्हणून हालचाल आणि विचार एकत्र करण्याचा सराव हवा.

आपल्या परंपरेत याची किती साधने आहेत पाहा. मंगळागौरीची झिम्मा-फुगडी म्हणजे ताल, गाणे, टाळी, गिरकी आणि समोरच्या मैत्रिणीचा अंदाज, सगळे एकदम. लेझीममध्ये हात, पाय, हलगीचा ठेका आणि रांगेची शिस्त. अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासात (२००३) ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा पाठपुरावा केला, तेव्हा नाच करणाऱ्या, वाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि पट मांडून खेळ खेळणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. तेव्हा गणपतीपुढे मुलींनी फुगडी घातली तर आजीनेही झिम्म्याच्या टाळ्या तरी वाजवाव्यात!

आणि मंत्र म्हणत घातलेला सूर्यनमस्कार? स्थितींचा क्रम, श्वासाचा मेळ, कितवा नमस्कार चालू आहे याची गणती, आणि त्या क्रमांकाचे नाव. हाच तो औंधचा मुद्दा. मंत्राशिवाय नमस्कार हा चांगला व्यायाम आहे. मंत्रासह तो व्यायाम, श्वसन आणि स्मरण यांचा एकत्रित अभ्यास होतो.

रोजचा अभ्यास

वरील सर्व वाचून प्रत्यक्षात काय करावे? आमच्या घरी चालणारा क्रम देते. आपल्या प्रकृतीनुसार बदल करावा.

१. श्वास, पाच मिनिटे. ताठ बसावे. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा. मध्ये श्वास कोंडू नये. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. सहा जड गेले तर तीन घ्या, चार सोडा.

२. सूर्यनमस्कार, तीन ते बारा. घाई नको. वर उठताना किंवा मागे वाकताना श्वास आत, पुढे वाकताना बाहेर. प्रत्येक नमस्काराआधी त्याचे नाव म्हणावे. नावे पाठ झाली की एक आठवडा सुलट क्रमाने आणि पुढचा आठवडा भास्करापासून मित्रापर्यंत उलट क्रमाने म्हणून पाहा. शरीर तेच, पण मेंदूला नवे काम! ज्यांना जमिनीवर जाता येत नाही त्यांनी चाके नसलेल्या पक्क्या खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे : हात जोडणे, वर नेणे, झेपेल तितके पुढे वाकणे, एकेक गुडघा छातीकडे आणणे आणि परत हात जोडणे.

३. तोल, दोन मिनिटे. ओट्याजवळ किंवा कोपऱ्यात उभे राहून प्रत्येक पायावर दहा सेकंद. किटली उकळेपर्यंतचा वेळ यासाठी उत्तम. डोळे मिटून प्रयत्न एकट्याने करू नये.

४. ताकद, आठवड्यातून दोन दिवस. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा.

५. चालणे, आठवड्यात १५० मिनिटे. हा आकडा येथील सरकारी आरोग्य सल्ल्यातला आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग ठेवावा. कॅसिओबरी पार्क आणि शेजारचा ग्रँड युनियन कालवा आपल्याला फुकट मिळालेले आहेत. शनिवारी सकाळी ९ वाजता तेथे पाच किलोमीटरचे पार्करन असते. त्यात चालत जाणाऱ्यांचेही स्वागत असते.

६. नवे काही शिकणे. पेटी, तबला, नवी भाषा, मोडी लिपी, काहीही. मात्र ते थोडे अवघड हवे. मुलांकडून इंग्रजी गाणे शिकावे आणि त्यांना पावकीचा पाढा शिकवावा. दोघांचाही मेंदू कामाला लागेल.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी तपासण्या यांची एकत्र जोड दिली, तेव्हा बौद्धिक कसोट्यांत त्या गटाची प्रगती अधिक दिसली (२०१५). फरक प्रचंड नव्हता, पण होता. एकच जादूची कांडी शोधण्यापेक्षा थोडे थोडे सगळे करावे, हा त्याचा बोध.

सावधगिरी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास आपल्या जीपींना विचारूनच सुरुवात करावी. वेगाने श्वास सोडण्याच्या क्रिया आणि दीर्घ कुंभक दूरदर्शनवर पाहून करू नयेत. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबावे. औषधांना हा पर्याय नाही. स्मरणशक्ती झपाट्याने कमी होत असेल तर "वयानुसार होते" असे म्हणून लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे. आपल्या समाजात संकोचाने फार उशीर होतो.

आणखी एक. डिसेंबरात वॉटफर्डमध्ये आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणून येथील आरोग्य विभाग शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देतो. सावळ्या त्वचेच्या आपल्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही त्यात आहे. सूर्याला नमस्कार करावा, पण येथील हिवाळ्यात त्याच्यावर सर्वस्वी विसंबू नये!

मुलांसाठी दोन शब्द

मुलांना "योग कर, संस्कृती आहे" असे सांगून ती करत नाहीत, हा शिक्षिका म्हणून माझा अनुभव आहे. त्यांना कारण सांगावे, मोजायला द्यावे. नमस्कारांआधी आणि नंतर नाडीचे ठोके मोजू द्या, श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते लिहू द्या, एका पायावर आजी जास्त वेळ उभी राहते की नातू याची स्पर्धा लावा. कुवलयानंदांची हीच तर रीत होती : श्रद्धेने करा आणि डोळसपणे तपासा. ज्या गोष्टीचा अर्थ मुलांना समजतो ती त्यांच्याकडे टिकते. व्यासांची अटही तीच होती.

माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमी येते. तोपर्यंत अजून अवकाश आहे. आजपासून दर आठवड्याला एक नमस्कार वाढवत गेलो तर रथसप्तमीला घरातला प्रत्येक जण बारा नमस्कार सहज घालील; ज्यांना खुर्चीवर घालायचे त्यांनी खुर्चीवर, ज्यांना ओटा धरून नुसती नावे म्हणायची त्यांनी तशी. त्यासाठी खर्च शून्य, जागा एका सतरंजीची, आणि वेळ रोज वीस मिनिटे.

श्रीगणराय आपणा सर्वांना सुदृढ शरीर, शांत श्वास आणि जागृत बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!